ताजमहालाची मागची बाजू

वामन,

काल मंडळाची बैठक झाली. तू नव्हतास, म्हणून वेळेवर सुरू झाली. मधेच उठून चहा सांगायला कुणी गेलं नाही. माझ्या हातातला कागद ओढून त्याच्या पाठीवर घुमट काढून दाखवायला कुणी नव्हतं. सगळे विषय क्रमाने आले आणि क्रमाने संपले. चिटणीस झाल्यापासून मी अशा एका बैठकीची वाट पाहत होतो. ती मिळाली आणि घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

पहिला विषय तुझाच होता. सगळे उभे राहिलो, खाली बसलो. दुसरा विषय यंदाच्या गणपतीचा देखावा. अध्यक्ष म्हणाले, वामनच्या आठवणीसाठी पुन्हा ताजमहालच करू, पहिल्या वर्षी केला होता तसा. कुणाची हरकत नव्हती. मग ते माझ्याकडे वळले. "चिटनीस, तुमी तं आग्र्याले जाऊन सोताच्या डोयानं पाह्यला. यंदा मांगची बाजू खरी करू. कशी हाय ते सांगा."

सगळी बैठक माझ्या तोंडाकडे पाहू लागली, तू पाहायचास तशीच. मी म्हणालो, पुढच्या बैठकीत सांगतो, आठवून नीट लिहून काढतो. त्यात आठवायचं काहीच नव्हतं. मला मागची बाजू अगदी स्वच्छ दिसते आहे. पण जे तुला सांगितलं नाही ते त्यांना आधी कसं सांगणार?

बैठक आटोपून निघालो तर तुझ्या दुकानाच्या दारात वहिनी उभ्या. हातात ते गाठोडं. गादीपाटाच्या चिंध्यांतून शिवलेले बोटबोटभर कपडे, सदरे, पायजमे, ओढणी, ती कुंची. बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. म्हणाल्या, "भाऊजी, यंदा मांगची बाजू खरी होनार म्हन्तात. मंग हे कपडे काई लागनार नाईत नं? ट्रंकीत टाकून देऊ?"

त्यांनाही मी तेच सांगितलं, दोन दिवस थांबा. त्यांनी गाठोडं छातीशी धरलं आणि आत गेल्या. म्हणून आज दुकान लवकर आवरून लिहायला बसलो आहे. आधी तुला सांगायचं, मग त्यांना, मग मंडळाला. माझा क्रम तुला माहीत आहे.

पण एकदम शेवटचं पान उघडायचं नाही, हा नियम तुझा. तेव्हा सुरुवातीपासून.

पहिल्या वर्षी तू माझ्या भांड्यांच्या दुकानात शिरलास आणि भिंतीवरचं ताजमहालाचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलंस. महिना संपायला आठवडा होता. मी ओरडलो, तारखा कशा पाहू? तू म्हणालास, तारखा तुझ्या डोक्यात असतात, ताजमहाल माझ्या डोक्यात नाही. कॅलेंडर घेऊन पलीकडे तुझ्या गाद्या-रजयांच्या दुकानात गेलास आणि समोर टांगून पिंजायला बसलास. त्या दिवशी धनुकलीचा ठेका मधूनमधून तुटत होता. तू वर पाहत होतास.

घुमटासाठी तुझ्या मामाकडची धान्याची रिकामी कणगी उपडी घातलीस. मिनारांना बांबू, त्यांवर गोणपाट, गोणपाटावर खळ आणि खळीवर पिंजलेला कापूस, इतका पातळ आणि इतका सारखा की गॅसबत्ती लावल्यावर चौकातल्या माणसांनी एकमेकांचे हात धरले. वऱ्हाडात संगमरवर कुठून आणायचा, कापूस मात्र घरचा आहे, असं तुझं म्हणणं. मधल्या कमानीत गणपती बसवला. देश नवा होता. दिल्ली-आग्रा ही गावं आपल्यालाही लागतात, ही गोष्टच आपल्या गल्लीला नवी होती. शाळेच्या पुस्तकातला ताजमहाल आता वाशीमच्या चौकात उभा होता आणि लोक त्याच्याकडे, आपलाच म्हणून, मान वर करून पाहत होते.

आणि मग ती आसेगावची म्हातारी आली. बाजार करून, डोक्यावर टोपली तशीच. तिने गणपतीला हात जोडले आणि सवयीने उजवी घालून फेरीला निघाली. देवाला आलेलं माणूस फेरी घालणारच, ही साधी गोष्ट मी, यादी करणारा माणूस, यादीत धरली नव्हती. देखावा चौकाच्या मधोमध, चारी बाजूंनी वाट. पलीकडे उघडे बांबू, सुतळ्या आणि साखरेची पोती. म्हातारी फेरी पुरी करून समोर आली आणि तू कोण हे माहीत नसताना तुलाच म्हणाली, "समोरून राजाचं घर अन् मांगून उकिरडा. असं कसं गा, बाप्पा?"

मी हसलो. तू हसला नाहीस. दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलास, चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नाहीस. मी समजूत घालायला आलो. म्हणालो, मागचं कोण पाहतं? कॅलेंडरात तरी मागचं कुठे आहे?

"कॅलेंडरले फेरी घालता येते का?" तू म्हणालास. "म्हनून तुले मांगचं दिसत नाई."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मागची बाजू तयार होती. मी ती पाहिली आणि माझा राग अनावर झाला. एक बुटकं दार, दाराबाहेर चूल, चुलीतून वर जाणारा कापसाचा धूर. रहाट लावलेली विहीर. आणि दोन मिनारांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर वाळत घातलेलं धुणं. कपडे वहिनींनी रात्रीतून शिवले होते, गादीपाटाचे. म्हणजे शहाजहानचं सगळं घराणं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गादीच्या कापडात. मी म्हणालो, अरे वेड्या, ही कबर आहे. इथे धुणं कोण वाळत घालणार?

"कबर असली म्हनून काय झालं? तिथं झाडाले, दिवा लावाले रोज कोनी तं येत असन. त्याले तहान लागत नाई? त्याचे कपडे घान होत नाईत?"

अध्यक्षांनी ते सगळं काढायला सांगितलं, आणि मी काढणारही होतो. पण तोवर बायका मागे जमल्या होत्या. समोर हात जोडायचे आणि लगबगीने मागे यायचं. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या बायका बाजाराला आल्या होत्या, कामाच्या हंगामाला बाहेर पडायच्या आधीच्या खरेदीला. त्या तर तिथे खालीच बसल्या. त्यांच्यातल्या एकीने वहिनींना विचारलं, ही एवढीशी कुंची कुणाची? वहिनी म्हणाल्या, राणीच्या शेवटच्या लेकराची. मी शहाणपणा केला आणि माहिती पुरवली, की त्याच बाळंतपणात राणी गेली, आणि तिच्यासाठीच राजाने हे बांधलं. एकीने हात लांब करून दोरीवरची वाकडी झालेली कुंची सरळ केली.

त्यानंतर मी काही काढलं नाही. ताजमहाल हे काय प्रकरण आहे ते आपल्या चौकाला समोरून कळलं नव्हतं, मागून कळलं. हे मी तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर तू पुढची कित्येक वर्षं मला ऐकवलं असतंस.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते आजवर मिटलेलं नाही. मी म्हणायचो, अशा थोर इमारती चारी बाजूंनी सारख्या असतात, त्यातच त्यांचा थोरपणा. तू म्हणायचास, समोरचं लोकांसाठी असतं आणि मागचं घरच्यांसाठी, जगात असं घर नाही ज्याला परस नाही. भांडण निकाली काढायला पुरावा लागतो आणि पुरावा आग्र्याला. आपण दोघांनी तोवर अकोल्यापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

मी मग पुढच्या देखाव्यांची यादी केली, ताज, कुतुबमिनार, सांची, गोलघुमट, लाल किल्ला. तू तिला चिटणीसांची पंचवार्षिक योजना म्हणून गावभर नाव दिलंस. कुतुबमिनार मी मुद्दाम दुसरा ठेवला होता, कारण गोल वस्तूला मागची बाजू नसते. तुला ते लगेच कळलं. तू रागावलास आणि आतून जिना केलास, बाहेरून दिसणार नाही असा. कुणासाठी, म्हणून विचारलं तर म्हणालास, चढणाऱ्यासाठी. त्या मिनाराला बायकांनी कुंकू लावलं आणि मी पुसायला गेलो तर तू माझा हात धरलास. सांचीचा स्तूप भाद्रपदाच्या झडीत भिजला आणि सगळा कापूस पाणी पिऊन एका अंगाला बसला. लोक म्हणाले, वामनने गादी घातली भगवान बुद्धाला. तूच सगळ्यांत जास्त हसलास. गोलघुमटाच्या मागे तू उखळात कांडणारी बाई ठेवलीस, म्हणजे आतल्या आवाजाला कारण मिळालं. ते मला अजूनही पटलेलं नाही, पण गोलघुमट म्हटलं की मला आधी ती बाई आठवते.

तुझी ही खोड देखाव्यापुरती नव्हती. बालाजीच्या देवळात तू आधी मागच्या भिंतीला हात लावून यायचास, मग समोर. माझ्याबरोबर शिरपूरला आलास. आम्हां जैनांचं ते मोठं ठिकाण, मूर्ती जमिनीला टेकलेली नाही अशी तिची ख्याती. सगळे मुखाकडे पाहत होते. तू गुडघे टेकून, गाल फरशीला लावून, मूर्तीच्या खालच्या फटीतून पलीकडे पाहत होतास. माझी माय म्हणाली, हा वामन देवाचं दर्शन घेतो का देवाची झडती? तू उठलास, कपाळाची धूळ तशीच ठेवलीस आणि म्हणालास, "माय, पल्याड उजेड हाय." मायने तुला त्या दिवसापासून कधी टोकलं नाही.

आग्र्याचं ठरलं ते मायमुळेच. तिला आमच्या सोनागिरीच्या तीर्थाला जायचं होतं. मी नकाशा पाहिला तर तीच गाडी पुढे आग्र्याला जाते. तुला सांगितलं तेव्हा तू हातातली धनुकली खाली ठेवलीस. वहिनींनी तुझी पेटी भरली. मी दोघांचं सामान लिहून काढलं, तुझ्या नावापुढे मफलर दोनदा लिहिला, कारण तेव्हा तुझी छाती वाजायला लागली होती. एवढी वर्षं कापसाच्या फुफाट्यात बसलेला माणूस. निघायच्या आदल्या दिवशी तुला असा दमा उठला की डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं. मी म्हणालो, रद्द करू. तू म्हणालास, मायचं पुण्य रद्द करणारा तू कोण?

सकाळच्या अकोल्याच्या मोटारीवर तू निरोप द्यायला आलास. मफलर गुंडाळलेला, हातात आमच्यासाठी दशम्या. मोटार सुरू झाली तरी खिडकीची दांडी सोडेनास. मग म्हणालास, "पाहून ये. पन मांगचं मले सांगजो नको. समोरचं सांग. मांगचं मी माह्या डोयानं पाहीन."

मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो. मला वाटलं, प्रश्न एका वर्षाचा आहे.

परत आलो तेव्हा तू माझ्या दुकानाच्या पायरीवर आधीच बसलेला. मी पिशव्या उतरवल्याही नव्हत्या. "समोरचं सांग." मी सांगितलं. तो पांढरा नाही, हे आधी सांगितलं. सकाळी त्याला गुलाबी झाक असते, दुपारी डोळे ठरत नाहीत, आणि ऊन उतरलं की तो तुझ्या दुकानात जुनी रजई उसवल्यावर कापूस निघतो ना, त्या रंगाचा होतो. तू खूश झालास. दगडात फुलं बसवली आहेत, देठसुद्धा, आणि वरून बोट फिरवलं तर सांधा लागत नाही, हे तू मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलंस. मी सांगत होतो आणि तुझं बोट पायरीवरून फिरत होतं.

मागचं तू विचारलं नाहीस. पण पाहत राहिलास. कामट्या बांधता बांधता सहज म्हणायचास, मागे पायऱ्या असतील, आणि माझ्याकडे पाहायचास. मागे बगिचा असेल, आणि पाहायचास. मी दगड होऊन बसायचो. "चिटनीस, कान हालला तुया," म्हणून तू टाळी वाजवायचास. माझी बायको म्हणायची, पत्त्यांत तुमच्या तोंडावर राणी दिसते, हे एवढं कसं लपवता? मलाही ठाऊक नाही. मायनेही लपवलं. तिला तर तू लाडूची लाच दिली होतीस.

दरवर्षी आपण जायचं ठरवत होतो आणि दरवर्षी थंडी पडली की तुझी छाती भरत होती. मी प्रत्येक वेळी नवी यादी करायचो. आपल्या गावाला रेल्वे येणार म्हणून मोजणीच्या खुंट्या ठोकल्या तेव्हा तू म्हणालास, बरं झालं, आता ताजमहालच जवळ येतोय.

या उन्हाळ्यात तुझं पिंजणं बंद झालं. धनुकली भिंतीवर गेली. आपल्या गल्लीत एवढी शांतता पडली की गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन हळू आवाजात बोलू लागलं. ती दुपार तुला आठवत असेल तर आठवत असेल. खाट दाराशी ओढलेली, वारा यावा म्हणून. तू डोळे मिटून होतास. वहिनी पंखा हलवता हलवता मला म्हणाल्या, "भाऊजी, सांगून टाका नं आता. कायले ठेवता पोटात?"

मी तोंड उघडलं होतं, वामन. पहिला शब्द जिभेवर होता. तू डोळे उघडलेस आणि हात वर केलास, मोटार थांबवतात तसा.

"नको," म्हणालास. "आपन दिवाळी झाल्यावर जाऊन राह्यलो नं?"

तिथे तीन माणसं होती आणि तिघांनाही खरं माहीत होतं. मी म्हणालो, हो, जाऊन राह्यलो.

"मंग यादी वाच."

मी खिशातून कागद काढला आणि वाचला. अकोल्यापर्यंत मोटार. भुसावळला गाडी बदलायची, तिथे चहा चांगला मिळतो. खिडकी तुला. सोबत घोंगडी, तांब्या, औषधाची बाटली कपड्यात गुंडाळून, मफलर, मफलर. तू ऐकत होतास, एकेका शब्दाला मान हलवत होतास. मधेच म्हणालास, "कॅलेंडर लिहिलं का?" मी विचारलं, ते कशाला? "तिथं समोर धरून पाहू. जुयते का नाई." मी पेन्सिलीने कॅलेंडर लिहिलं. आपण त्या दुपारी आग्र्यापर्यंत गेलो. उतरायचं तेवढं राहिलं.

गावात आता बोलतात, मरणाऱ्या माणसाला सांगायला हवं होतं, बिचारा तसाच गेला. वहिनी मात्र असं एकदाही म्हणाल्या नाहीत. सांगितलं असतं तर तू जाणार नाहीस हे मी तुझ्या खाटेशी उभं राहून जाहीर केल्यासारखं झालं असतं. तुझ्याकडे जायचं शिल्लक होतं. ते मी कसं काढून घेणार? उद्या पुन्हा ती दुपार आली तरी मी यादीच वाचीन.

पण आता तुझं काही अडत नाही. माझं मात्र फार अडतं. सकाळी दुकान उघडतो आणि पहिलं भांडं मांडायच्या आधी कान पलीकडे जातो. गल्लीला ठेका राहिलेला नाही. कुणाशी वाद घालावा असं माणूस उरलं नाही, सगळे माझं ऐकतात. तू माझ्या प्रत्येक कागदाची पाठ वापरलीस. आता माझ्याकडे कोऱ्या पाठीचे कागद साचले आहेत. या वयात माणसाला नवा मित्र मिळतो की नाही मला माहीत नाही, पण तुझ्यासारखा, ज्याने मला देवळामागे न्यावं आणि पाहा म्हणावं, असा मिळणार नाही. मी आयुष्यभर समोरच्या बाजूचा माणूस. मागचं जेवढं पाहिलं ते तुझ्यामुळे.

आता ऐक.

त्या दिवशी आग्र्याला आमचं समोरून पाहून झालं आणि आम्ही कोपऱ्यावर गेलो. कोपऱ्यावरून एकदम दोन बाजू दिसतात. दोन्ही तंतोतंत सारख्या. तीच कमान, तीच अक्षरं, तीच फुलं. मी तिथेच जिंकलो, वामन. इतक्या वर्षांचं भांडण मी त्या कोपऱ्यावर उभा राहून जिंकलो, आणि मायला म्हणालो, चला, चारी बाजू अशाच आहेत, गाडीची वेळ होते आहे.

माय चालतच होती. चपला काढून, उजवी घालून, एक हात भिंतीच्या बाजूला. मी मागून गेलो. म्हणालो, माय, हे देऊळ नाही, ही कबर आहे. ती थांबली नाही. म्हणाली, "असू दे. सुरू केलेली फेरी अर्धी टाकत नाईत."

म्हणून मी मागे गेलो. तिच्यासाठी. मागची बाजू समोरच्यासारखीच आहे. दार बुटकं नाही. विहीर नाही. मी ती नीट पाहिली, तुला शपथेवर सांगता यावं म्हणून वरपासून खालपर्यंत पाहिली. आणि मायला दाखवायला वळलो तर माय ताजमहालाकडे पाठ करून उभी. कठड्याला हात टेकून खाली पाहत होती.

खाली नदी आहे, वामन. ताजमहालाच्या परसात यमुना आहे. हिवाळ्याचं पाणी, एका अंगाला सरकलेलं, आणि बाकी सगळी वाळू. वाळूवर एक बाई तीन दगडांवर काहीतरी रांधत होती, तिचा धूर सरळ वर येत होता. पाण्यात धोबी कपडे आपटत होते, आवाज भिंतीवर आदळून मागून येत होता. आणि वाळूत काठ्या रोवून दोऱ्या बांधलेल्या, त्या दोऱ्यांवर, पार दिसेल तिथपर्यंत, धुणं. धोतरं, चादरी, पायजमे, लहान मुलांची झबली. वारा सुटला की सगळं एकदम ताजमहालाकडे उडायचं.

मायने कठड्यावरून बोट दाखवलं. मग म्हणाली, "पाह्य, वामनचं धुनं."

एवढंच आहे. हे मी तुझ्यापासून लपवत होतो. भांडण कोण जिंकलं ते तू सांग. माझ्या चारी बाजू सारख्या निघाल्या, तुझा परस निघाला. विहीर मात्र यंदा काढावी लागेल, ते आत्ताच स्पष्ट सांगतो. तिच्या जागी निळ्या कापडाची नदी करू, पुढे चाळणीने चाळलेली वाळू. घुमटाला तुझ्यासारखा कापूस कुणाला बसवता येईल मला माहीत नाही. जाड बसेल. चौकातली माणसं समजून घेतील आणि फेरी घालतील.

आता कागद मिटतो आणि पलीकडे जातो. वहिनींच्या दारावर थाप मारून एवढंच म्हणायचं आहे, गाठोडं ट्रंकीत टाकू नका, वहिनी. सोडा ते. दोरी मी आणतो.